पासर रेटिंग: आकडा खरा, पण कुणाचा?

अमेरिकन फुटबॉलमध्ये पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला १५८.३ हे सर्वोच्च पासर रेटिंग मिळालं की त्याचा एकही पास चुकला नाही, असं अनेकांना वाटतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या निक फोल्सने ओकलंड रेडर्सविरुद्ध २८ पास फेकले. त्यातले ६ वाया गेले. तरी ४०६ यार्ड, ७ टचडाउन, एकही इंटरसेप्शन नाही आणि रेटिंग पूर्ण १५८.३! एनएफएल १९७३ पासून वापरत असलेल्या सूत्रात झेलले गेलेले पास, यार्ड, टचडाउन आणि इंटरसेप्शन यांचं प्रमाण मोजतात. प्रत्येकाला कमाल मर्यादा आहे. साडेसत्याहत्तर टक्के पास झेलले गेले की त्या रकान्यात पुढे काहीच वाढत नाही.

जास्त यार्ड म्हणजे चांगला खेळ, हेही खरं नाही. २०१२ मध्ये डेट्रॉइट लायन्सच्या मॅथ्यू स्टॅफर्डने ४,९६७ यार्ड मिळवले, पण त्यासाठी ७२७ पास फेकले. रेटिंग ७९.८, आणि संघ १६ पैकी १२ सामने हरला. पिछाडीवरचा संघ पास फेकतच राहतो, त्यामुळे यार्ड साठत जातात.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र हे रेटिंग एकट्या क्वार्टरबॅकचं आहे, हा. त्याने दोन यार्डांचा पास दिला आणि झेलणारा साठ यार्ड धावला, तर सगळे यार्ड क्वार्टरबॅकच्या नावावर. सहकाऱ्याच्या हाताला लागून उडालेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने पकडला, तर इंटरसेप्शनही त्याच्याच नावावर. उलट चेंडू हातात असताना तो पाडला गेला, म्हणजे सॅक झाला, तर गमावलेले यार्ड सूत्रात येतच नाहीत. त्याची स्वतःची धावही नाही.

सूत्रात नुसत्या झेललेल्या पासला वीस यार्डांइतकं वजन आहे. तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात, बारा यार्ड हवे असताना चार यार्डांचा पास झेलला गेला, की संघाला बहुधा चेंडू सोडावा लागतो. क्वार्टरबॅकचं रेटिंग मात्र सहसा वाढतं. मला हा या मोजमापाचा सर्वांत गंभीर दोष वाटतो.

कोणता डाउन, किती यार्ड हवेत, चेंडू मैदानात कुठे आहे, हे धरून त्या खेळीने अपेक्षित गुण किती वाढले ते मोजणारी पद्धत म्हणूनच जास्त न्यायाची. ईएसपीएनने २०११ मध्ये आणलेलं क्यूबीआर याच विचारावर उभं आहे. त्यात सॅक आणि धावाही धरतात. पुढच्या वेळी पासर रेटिंग वाचाल, तेव्हा शेजारचा सॅकचा रकानाही पाहा.