ओझ्यानं टिकलेल्या कमानी

अमेरिकेच्या युटा राज्यात, मोआब गावाला लागून ‘आर्चेस’ राष्ट्रीय उद्यान आहे. गाडी वळणावळणाचा चढ चढून वर आली की दोन्ही बाजूंना लाल वालुकाश्माचे कडे सुरू होतात. वाळवंट म्हटलं की ही कारागिरी वाऱ्याचीच, असं आपण धरून चालतो. वाऱ्याला इथं फुकटचं श्रेय मिळतं. खरी करामत मिठाची आणि पाण्याची. मग पाऊस वर्षाला जेमतेम २०-२५ सेंटिमीटर का असेना.

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथला समुद्र पुन्हा पुन्हा भरला, आटला आणि मागे मिठाचे जाडजूड थर ठेवून गेला. त्यावर गाळ आणि वाळू साचून खडक झाला. प्रचंड दाबाखाली मीठ अगदी सावकाश वाहतं. वरचं ओझं जिथं कमी, तिकडे ते सरकलं, फुगलं आणि त्यानं खडकाला वर उचललं. पुढे भूजलात तेच मीठ विरघळलं, माथा खचला आणि सॉल्ट व्हॅली तयार झाली. या ओढाताणीत वालुकाश्माला समांतर भेगा पडल्या. त्या रुंदावत गेल्या आणि मधे उंच, पातळ भिंती उरल्या. फायरी फर्नेसच्या थांब्यावरून त्या पावाच्या कापांसारख्या ओळीनं उभ्या दिसतात.

वाळूचे कण बऱ्याच अंशी कॅल्शियम कार्बोनेटनं जोडलेले असतात. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी हा जोड सोडवतं. हिवाळ्यात फटीतल्या पाण्याचं बर्फ होतं, ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि कपचे निघतात. भिंतीला आरपार भोक पडतं ते असं. भोक निदान ३ फुटांचं असलं तरच त्याची कमान म्हणून नोंद होते. अशा कमानी इथं दोन हजारांहून जास्त आहेत.

पण भोक वाढताना सगळंच का ढासळत नाही? प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले यिर्झी ब्रुथान्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याचं सुरेख उत्तर दिलं. चेक प्रजासत्ताकातल्या एका खाणीतल्या वालुकाश्माचे छोटे ठोकळे त्यांनी वजनाखाली ठेवून पाण्यात बुडवले. कडा झडल्या, ठोकळा बारीक झाला आणि एका टप्प्यावर झीज थांबली. उरलेल्या भागावर दाब इतका वाढला होता की कण एकमेकांत घट्ट अडकून बसले. वजन काढलं, तर तोच खांब पाण्यात विस्कटायचा. म्हणजे ज्या दगडावर भार नाही तो झडतो, भार वाहणारा टिकतो. कमानीचा डौलदार आकार ठरतो तो बराचसा या हिशेबानं.

अर्थात दगड दाब सोसतो, ताण नाही. लँडस्केप आर्चला पायापासून पायापर्यंत ९० मीटरच्या आसपास पल्ला आहे. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये तिच्या सर्वांत पातळ भागातून सुमारे १८ मीटर लांबीची शिळा सुटली. कडकड आवाज ऐकून खाली बसलेले पर्यटक पळाले म्हणून वाचले. आता खालून जाणारी वाट बंद आहे. २००८ मध्ये वॉल आर्च तर रातोरात कोसळली. युटा विद्यापीठातले संशोधक आता संवेदकांनी कमानींची कंपनं टिपतात. डोळ्यांना स्थिर वाटणारा हा दगड सतत बारीक थरथरत असतो, आणि त्या थरथरीची वारंवारता कायमची घसरली तर आत भेग वाढत असल्याची शंका घ्यायला जागा असते.