उंबराचं फूल आणि त्याचा गोतावळा

कुणी फार दिवसांनी भेटलं, की आपण म्हणतो, ‘काय, उंबराचं फूल झालात!’ आमच्या घरात दख्खनी बोलली जायची. दादीही हेच म्हणायची, फक्त उंबराऐवजी तिच्या तोंडी ‘गूलर’ असायचा. भाषा दोन, झाड एकच आणि समजूतही एकच, की याचं फूल कुणाला दिसत नाही. कवी म्हणून मीही हे फूल दोन-चार कवितांत वापरलं आहे. न दिसणारं, न मिळणारं काहीतरी म्हणून. पन्नाशी ओलांडल्यावर कळलं, की शाळेत जाताना मी रोज तीच फुलं पायाखाली तुडवत होतो.

मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे, मराठी घेऊन बी.ए. झालेला. पण या झाडानं मला वाचायला लावलं. जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

ज्याला आपण उंबराचं फळ म्हणतो, ती खरं तर एक बंद कुपी असते. कोवळं उंबर मधोमध कापून पाहा. आतल्या भिंतीला शेकडो बारीक फुलं चिकटलेली दिसतील. फुलं आहेत, पण घराच्या आत आहेत. वड, पिंपळ, पायर, अंजीर ही सारी याच कुळातली भावंडं. जगात या कुळाच्या साडेसातशेच्या आसपास जाती आहेत आणि सगळ्यांची फुलं अशीच पडद्यात.

मग त्या फुलांपर्यंत पराग पोचवणार कोण? वारा आत जात नाही, मधमाशीला दार सापडत नाही. हे काम करतो उंबरातला किडा. लहानपणी उंबर फोडल्यावर भुर्रकन उडून जायचा, तोच. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला, जेमतेम दोन मिलिमीटरचा. फुलं तयार झाली, की उंबर एक विशिष्ट गंध सोडतं. त्या गंधावर मादी येते आणि फळाच्या टोकाशी असलेल्या अगदी अरुंद छिद्रातून आत घुसते. वाट इतकी चिंचोळी, की घुसताना बहुधा तिचे पंख तुटतात. परतीचा रस्ता तिथंच संपतो. आत ती सोबत आणलेले पराग फुलांवर पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. ज्या फुलांत अंडी पडली, तिथं पिल्लं वाढतात. उरलेल्या फुलांचं बी होतं. काही आठवड्यांनी आधी बिनपंखी नर बाहेर येतात. माद्यांशी मीलन झाल्यावर ते फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि त्यांचं आयुष्य संपतं. त्या भोकातून माद्या अंगावर पराग घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या हाती जेमतेम एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात दुसरं झाड गाठायचं, कारण जन्माच्या झाडावरची फळं एव्हाना पिकायला लागलेली असतात.

किडा नसेल तर उंबराला बी नाही आणि उंबर नसेल तर किड्याला घर नाही. अशा नात्याला शास्त्रात सहजीवन म्हणतात. या कुळाचं आणि या कीटकांचं हे नातं सात-आठ कोटी वर्षांचं आहे, असं अभ्यासक मानतात. पण हा भाबडा दोस्ताना नाही, यात हिशेब आहे. पनामाच्या जंगलातल्या अशाच झाडांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. काही जातींमध्ये पराग न आणता नुसती अंडी घालून गेलेल्या मादीचं फळ झाड कोवळेपणीच गाळून टाकतं, असं त्यात दिसलं. फुकट राहणाऱ्या भाडेकरूला घर खाली करावं लागतं!

जिथं घर आहे तिथं चोरही येणार. दुसऱ्या काही जातींच्या माद्या आत जातच नाहीत. त्या उंबरावर बाहेर बसतात आणि केसासारखी लांब नळी भिंतीतून आत खुपसून अंडी घालतात. परागांशी त्यांचा संबंध नाही. काहींची पिल्लं तर आतल्या पिल्लांच्याच जिवावर वाढतात. याला परजीवन म्हणतात. एवढीशी नळी कठीण कच्च्या फळात शिरते कशी? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2014 मध्ये याचं उत्तर दिलं. त्या नळीच्या टोकाशी चक्क जस्त असतं. निसर्गानं किड्याच्या हाती गिरमिट दिलं आहे.

आणि चोरांवर पहारेकरीही आहेत. उंबराच्या खोडावर मुंग्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. बाहेर बसून भोक पाडणाऱ्या किड्याला वेळ लागतो, तो मुंग्यांच्या तावडीत सापडतो. मुंग्या झाडावर उपकार म्हणून हे करत नाहीत, त्या आपलं पोट भरतात. आत-बाहेर करणारे परागवाहक किडेही त्या धरतात. पण चोरांची संख्या आटोक्यात राहते आणि झाडाचं भलं होतं.

म्हणजे हातात मावणाऱ्या एका उंबरात दोस्त आहेत, चोर आहेत, शिकारी आहेत. स्पर्धा पाहायची असेल तर उंबराच्या भावाकडे, वडाकडे पाहा. पाखराच्या विष्ठेतून वडाचं बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडतं, तिथं रुजतं, मुळं खाली सोडतं आणि कालांतरानं त्या यजमान झाडालाच आवळून टाकतं. तोच वड पुढं शेकडो पाखरांना पोसतो. निसर्गात सज्जन आणि दुर्जन अशी वाटणी करता येत नाही.

आता फळं खाणाऱ्यांकडे या. या कुळातली सगळी झाडं एकाच हंगामात फळत नाहीत. किड्याला बारा महिने कुठं तरी तयार फूल लागतं, म्हणून परिसरातलं कुठलं ना कुठलं झाड फळलेलं असतं. त्याचा फायदा साऱ्या रानाला होतो. इतर झाडं रिकामी असतात तेव्हा तांबट, कोकीळ, हरियाल, वटवाघळं, वानरं, शेकरू यांना इथं अन्न मिळतं. कोकणातल्या रानात धनेशाची मादी ढोलीत स्वतःला बंद करून अंडी उबवते, तेव्हा नर तिला चोचीनं जी फळं भरवतो, त्यांत याच कुळातली फळं पुष्कळ असतात. जगभरात या कुळाची फळं खाणारे पक्षी आणि सस्तन प्राणी बाराशेहून अधिक जातींचे आहेत. एवढ्या मोठ्या पंगतीचा यजमान कोण? एक-दोन दिवस जगणारा तो किडा!

हे नातं तुटलं तर काय होतं, याचा अनुभव अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानं घेतला आहे. तिथं 1880 च्या दशकात तुर्कस्तानातल्या स्मर्ना भागातून अंजिराची नामांकित जात नेऊन लावली. झाडं जोमानं वाढली, पण कोवळी फळं गळून जायची. झाड आलं होतं, त्याचा किडा मागंच राहिला होता. 1899 मध्ये तो किडा मुद्दाम आणून सोडल्यावर अंजीर पिकू लागले. (आपल्या पुरंदरचे अंजीर खाणाऱ्यांनी मात्र निश्चिंत असावं. ती जात किड्याशिवायच फळते.)

हे सगळं मी वाचू लागलो, त्याला कारण घडलं. आमच्या गावात ओढ्याच्या पुलाशी, दर्ग्याच्या वाटेवर एक जुना उंबर होता. गुरुवारी कुणी त्याच्या बुंध्याशी दत्ताचा दिवा लावायचं, उरुसाला त्याच सावलीत कव्वाल बसायचे. रस्तारुंदीकरणात तो गेला. मी चौकशीला गेलो तेव्हा उत्तर मिळालं, ‘एका झाडाच्या बदल्यात पाच लावलीत.’ पाचही गुलमोहर. माझं गुलमोहराशी वैर नाही, मी त्याच्यावर लिहिलंही आहे. पण तो मूळचा मादागास्करचा. उंबराचा किडा त्याच्यावर उतरणार नाही आणि तांबटाला त्याच्या शेंगेतून जेवण मिळणार नाही. हिशेबात झाडं वाढली, पंगत मात्र उठली.

शिवाय एक उंबर तोडला, की नुकसान एकाच झाडाचं होत नाही. दोन दिवसांच्या आयुष्यात किड्याला पुढचं झाड गाठायचं असतं. मधली झाडं गेली, की त्याचा प्रवास लांबतो. प्रवासी पोचले नाहीत, तर उभ्या असलेल्या झाडांचीही फळं कोवळेपणीच गळतात. म्हणून जुनी झाडं शक्यतो राखावीत. तोडणं टळणारच नसेल तर उंबराच्या जागी उंबर, वडाच्या जागी वडच लावावा.

आमच्या विहिरीच्या कठड्यात दर पावसाळ्यात उंबराचं रोप उगवतं. पाखरांची देणगी. कठडा फुटेल म्हणून दरवर्षी आम्ही ते उपटून फेकायचो. यंदा मुळासकट अलगद काढलं आणि ओढ्याच्या काठी लावलं. फळ धरायला काही वर्षं जातील. किड्याला पत्ता कळवावा लागणार नाही, गंधावर तो आपला येईल. पण कुठून तरी निघायला त्याला दुसरा उंबर हवा. तो तुमच्या गावात असेल, तर तेवढा सांभाळा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)