औंधकरांचा वासोटा, पाण्यावरून

मंडळी, सुगीची कामे हातावेगळी झाली की घरच्यांना घेऊन एक दिवस बामणोलीला जा. औंधहून साताऱ्यास, तेथून कासवरून खाली उतरले की समोर शिवसागर जलाशय पसरलेला दिसतो. वन खात्याची परवानगी काढा, भाकरी बांधून घ्या आणि लाँचमध्ये बसा. तास-दीड तासात वासोट्याच्या पायथ्याला लागाल. पुढची चढण दमवणारी आहे.

हा किल्ला औंधच्या परशुरामपंत प्रतिनिधींचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बापू गोखल्यांनी पंतांना पकडले, तेव्हा ताई तेलिणीने वासोटा लढवला. सुमारे आठ महिने ती बधली नाही. धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हा कुठे किल्ला पडला. सरदारांची नावे घडाघडा सांगणाऱ्या आपल्या पोरांना ही बाई माहीत नसते! १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला.

ताईच्या वेळी येथे लाँच नव्हती, कारण पाणीच नव्हते. खाली कोयनेचे खोरे होते, भाताची खाचरे होती. १९६० नंतर धरण भरत गेले, गावे पाण्याखाली गेली. घरदार सोडून कोणी कोकणात गेले, कोणी सांगली-सोलापूरकडे. आपल्याकडे वीज आली ती या बुडालेल्या शेतांवरून, आणि पुनर्वसनासाठी त्या शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. लाँचवाल्याला विचारा, आजोबांचे शेत कुठे होते म्हणून.

पावसाळ्यात मात्र जाऊ नका, किल्ला बंद असतो. आणि उतरायला उशीर नको. अंधारापूर्वी लाँच परतली पाहिजे.