पांढरी पडलेली शिवारे आणि भागीदारीचा अपुरा हिशेब

शासन, उद्योग आणि नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्था एखाद्या कामासाठी एकत्र येतात, तेव्हा प्रत्येक भागीदार आपापल्या उद्दिष्टाचा हिशेब चोख ठेवतो. परंतु सर्वांच्या एकत्रित कृतीतून जे नुकसान होते, ते कोणाच्याच खातेवहीत चढत नाही. कोणाच्याही हेतूत नसताना घडणाऱ्या अशा परिणामांची पद्धतशीर मांडणी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३६ मध्ये केली होती. कृष्णा-पंचगंगा संगमाजवळच्या कुरुंदवाड परिसरात, म्हणजे शिरोळ तालुक्यात, हे परिणाम जमिनीवर साचलेल्या मिठाच्या पांढऱ्या थरात दिसतात.

प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून, म्हणजे १९५० च्या सुमारास, जी व्यवस्था पश्चिम महाराष्ट्रात रुजली, तिच्यात शासनाने भागभांडवल आणि थकहमी, म्हणजे कर्ज थकल्यास ते फेडण्याची हमी, दिली. कारखान्याने उसाला खात्रीचे गिऱ्हाईक दिले. आणि सभासदांच्या उपसा जलसिंचन संस्थांनी नदीचे पाणी दूरच्या शिवारापर्यंत चढवले. या व्यवस्थेने गावोगावी पैसा, शिक्षण आणि आत्मविश्वास आणला, हे निर्विवाद आहे.

तथापि पाणी आणण्याची जबाबदारी ज्या काटेकोरपणे वाटली गेली, तितक्या काटेकोरपणे ते बाहेर काढण्याची वाटली गेली नाही. नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीत निचरा मंद असतो. उसाला वर्षभर मोकाट पाणी दिले की भूजल वर येते, केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून, ते पृष्ठभागापर्यंत पोहोचते, आणि त्याची वाफ होताना क्षार मागे उरतात. अशी जमीन क्षारपड होते. तिच्यात सोडियमचे प्रमाण वाढले की ती चोपण, म्हणजे ओलीत चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी, बनते. सखल भागातील शेतकरी स्वतः जपून पाणी देत असला, तरी वरच्या शेतांतून पाझरलेले पाणी त्याच्याच बांधाशी साचते. त्याचे पीक बुडते, पीककर्ज थकते, आणि त्याच्या शेतावर खुरपणीला जाणाऱ्या स्त्रियांची मजुरीही थांबते.

यावर शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने सच्छिद्र पाइप जमिनीखाली पुरून निचरा करण्याची कामे झाली, आणि नापीक पडलेली शिवारे पुन्हा पिकू लागली, ही मोलाची गोष्ट होय. पण निचऱ्याचे पाणी ओढ्यापर्यंत नेण्यासाठी शेजाऱ्यांची संमती आणि सामायिक खर्च लागतो, म्हणून ज्याचे उत्पन्न आधीच थांबले आहे, त्याला दुरुस्तीसाठी पुन्हा कर्ज काढावे लागते.

लाभ आणि जबाबदारी यांना जोडणारा हाच सांधा ऊसतोडीतही निखळलेला दिसतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून येणारे मजूर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात. पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरली जाते, आणि मधल्या मुकादमामुळे मालक नेमका कोण, हे धूसर राहते. हंगामात या कुटुंबांतील मुलांची शाळा सुटते, आणि त्या तुटलेल्या वर्षाची किंमत साखरेच्या भावात कोठेही धरलेली नसते.

म्हणून भागीदारीचा करार होतानाच संभाव्य हानी कोण मोजणार, तिची भरपाई कोण देणार, आणि सभासद नसलेल्यांचे म्हणणे कोठे ऐकले जाणार, हे लिहिले गेले पाहिजे. पाणी उपशाच्या प्रत्येक परवान्याला निचऱ्याची योजना जोडणे, ही त्याची पहिली पायरी ठरेल.