पोटातली पैसेवारी

अकोल्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. "मामा, बाबांचं पोट भयानक दुखून राह्यलं. कळ पाठीपर्यंत जाते, उलट्याही थांबत नाहीत." संध्याकाळभर गॅस समजून सोडा पिण्यात गेली होती. बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी पकडून पहाटे मी रुग्णालयात पोहोचलो. निदान झाले होते : स्वादुपिंडाचा तीव्र दाह.

भाचा मात्र चिडलेला. "सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसले, पण वायूमुळे स्वादुपिंड दिसलंच नाही म्हणतात. मग सीटी स्कॅन का करून नाही राह्यले? पैसे भरायला तयार आहो न आपण!" खरे सांगायचे तर संशय माझ्याही मनात होता.

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. विशिष्ट पोटदुखी, रक्तातील अमायलेज वा लायपेज किमान तिप्पट वाढणे आणि चित्रणातील खुणा, या तिन्हींपैकी दोन जुळल्या की निदान पक्के. मेहुण्यांच्या दोन जुळल्या होत्या. सीटी हवा होता नुकसान मोजायला. आणि स्वादुपिंडाचा मृत होणारा भाग पहिल्या दोन-तीन दिवसांत नीट उमटत नाही. घाईचे चित्र बरे दिसेल आणि आपण गाफील राहू. सलाईन, वेदनाशामक, लघवीचे मोजमाप मात्र रात्रीपासूनच सुरू होते.

मला बँकेतले दिवस आठवले. नजर अंदाज पैसेवारी सप्टेंबरात, अंतिम डिसेंबरअखेर. मधल्या काळात हिरव्यागार कपाशीचे काय होते, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको.

चौथ्या दिवशी, मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री करून, शिरेतून औषध देऊन सीटी झाला. न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ एमिल बाल्थझार यांनी १९९० साली मांडलेल्या १० गुणांच्या मोजपट्टीवर मेहुण्यांना ५ मिळाले : एका जागी साचलेल्या द्रवाचे ३, ३० टक्क्यांहून कमी मृत भागाचे २. इथे ३ पर्यंत सौम्य आणि ७ पासून गंभीर. आम्ही मध्ये लटकलो होतो.

मेहुणे सावरले. सूज ओसरल्यावर खड्यांसकट पित्ताशय काढले. घरी परतताना भाचा म्हणाला, "मामा, त्या रात्री मी डॉक्टरांना लयच बोललो."

मी गप्प राहिलो. मनातल्या मनात मीही तेच बोललो होतो.