उशीवरचा उठाव : काही समज आणि वस्तुस्थिती

रुखवतात मांडलेल्या क्रोशाच्या उशीवरून हात फिरवताना, तिच्या अभ्र्यावर ओळीने उठलेले टपोरे गोटे पाहून, "हे एवढे मणी मागाहून शिवले का हो?" असे जेव्हा एखाद्या चौकस मावशी विचारतात, तेव्हा विणणारीला हसू येते खरे, परंतु या कामाविषयी रूढ असलेल्या बहुतेक गैरसमजांचे मूळ त्या एका प्रश्नातच आहे, असे मला वाटते. उठाव ही वस्त्रावर मागाहून चढवलेली शोभा नव्हे. ज्या अखंड धाग्याने वस्त्र घडते, त्याच धाग्याची ती रचना होय. एकाच घरात सुई घालून पाच खांब घ्यावयाचे, प्रत्येकाची शेवटची ओढ अपुरी ठेवावयाची, आणि सुईवर जमलेल्या साऱ्या फासांतून धागा एकदम ओढून घ्यावयाचा, म्हणजे एकाच्या जागेत कोंडलेल्या त्या पाचांना फुगून बाहेर येण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मौज अशी, की हा गोटा विणणारीच्या समोर न येता पलीकडे फुगतो, म्हणून त्याची ओळ उलट बाजूने विणतात. आणि हे ठाऊक नसलेली नवशिकी, समोर सपाटी पाहून, बरोबर उतरलेले काम बिचारी उसवीत बसते.

गोल उशी विणताना कडा झालरीसारखी लहरू लागली, की फिर्याद लोकरीविरुद्ध दाखल होते; वास्तविक तो निव्वळ हिशेबाचा मामला आहे. मुक्या खांबांची पहिली फेरी 6 ची घेऊन पुढे दर फेरीस 6 चीच भर घातली, तर चकती सपाट राहते. भर कमी पडली तर तिची वाटी होते, आणि अधिक झाली तर ती लहरते. या लहरण्याचाच उपयोग करून 1997 साली कॉर्नेल विद्यापीठात दाइना तैमिना या विदुषीने अतिपरवलयी, म्हणजे लहरत पसरणाऱ्या पृष्ठांच्या, भूमितीच्या प्रतिकृती क्रोशाने विणल्या, तेव्हा आपली बिघडलेली उशी अगदीच अप्रतिष्ठित मानू नये!

इंग्रजी पुस्तकाबरहुकूम विणूनही माप चुकते, त्याचे कारण हाताच्या अनभ्यासात नव्हे, तर पुष्कळदा शब्दांत असते. 'डबल क्रोशे' म्हणजे अमेरिकन पुस्तकात आपला खांब, तर ब्रिटिश पुस्तकात मुका खांब. तेव्हा पुस्तक कोठले, याची तहकीकात आधी करावी आणि चार इंचांचा नमुना विणून मगच पुढे जावे.

ही कला पुरातन आहे, हा समज मात्र सुशिक्षितांतही आढळतो. दोन सुयांचे विणकाम खरोखरच जुने आहे. परंतु क्रोशाचा 1800 पूर्वीचा निःसंदिग्ध पुरावा युरोपात मिळत नाही, असा लिस पालुदान या डॅनिश संशोधिकेचा निष्कर्ष आहे. आयर्लंडमध्ये 1845 च्या सुमारास पडलेल्या बटाट्याच्या दुष्काळात कित्येक कुटुंबांची गुजराण याच सुईवर झाली, आणि आपल्याकडे गोदावरीच्या मुखाजवळील नरसापूरला ही कला मिशनऱ्यांच्या मार्फत पोहोचली. आपल्या आजीच्या पेटीतला रुमाल पाहून या कलेला वेदकाळापर्यंत नेण्याचे कारण नाही.

उशी जितकी ठासून भरावी तितका उठाव खुलतो, हेही खरे नव्हे. अति भरलेल्या अभ्र्याचे खांब ताणले जाऊन त्यांतून आतला कापूस डोकावू लागतो. म्हणून 16 इंची उशीला 15 इंची अभ्रा विणून, आत त्याच रंगाच्या कापडाची खोळ घालण्याची तजवीज करावी. ताण अंगावर घेते ती खोळ. अभ्रा नुसता बेताचा चापून बसला म्हणजे पुरे.

राहता राहिली इस्त्री. अॅक्रिलिक लोकरीवर तापलेली इस्त्री टेकवली, की गोटे दबतात ते कायमचेच, कारण तो धागा उष्णतेने मऊ पडून तसाच बसतो. खरी लोकर गरम पाण्यात चोळली तर आटून नमद्यासारखी घट्ट होते. सुती धागा त्या मानाने सोशिक. पण ओला अभ्रा, मग तो कशाचाही असो, दोरीवर टांगू नये, आपल्याच भाराने तो लांबतो. सावलीत चटईवर पसरून, दबलेले गोटे बोटाने एकेक वर काढून, तो वाळू द्यावा.