जुगाराचें देणें व घरच्यांचें कर्तव्य

जुगाऱ्याचें देणें गुपचूप फेडून टाकलें म्हणजे कुळाची अब्रू राहिली, ही समजूत आमच्या व्यापारी व नोकरदार वर्गांत खोल रुजलेली आहे. बायको पाटल्या मोडते, बाप शिल्लक उपसतो, भाऊ जामीन राहतो. आणि मुलगा शुद्धीवर आला असें सर्वांस वाटतें. हा मार्ग घाताचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

महाभारताचा दाखला घरोघर ठाऊक आहे. पहिल्या द्यूतांत गेलेलें सर्व धृतराष्ट्रानें परत दिलें. तरी पुन्हा बोलावणें येतांच धर्मराज वाटेवरून परतून पटावर बसला! देणें फिटलें, ओढ फिटली नाहीं. उलट टोंक ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील ३४ व्या सूक्तांत आहे. तेथें आईबाप व भाऊ जुगाऱ्याला ओळख देत नाहींत. पण घराचें दार मिटल्यावर त्यानें अड्ड्याखेरीज जावें कोठें?

मग करावें काय? प्रथम हें जाणावें कीं, हा नुसता दुर्गुण नव्हे, विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अंमलांत आलेल्या रोगवर्गीकरणांत त्याची गणना आहे. डॉक्टरकडे नेण्यांत लाज कसली? सरकारच्या १४४१६ या दूरध्वनीवर सल्ला फुकट मिळतो. तो निरवानिरवीची भाषा बोलूं लागला, तर त्यास क्षणभरही एकटें सोडूं नये. आणि सुनेच्या पायगुणावर खापर फोडण्याची दुष्ट चाल तर आजच सोडावी. त्या घरांत सर्वांत अधिक सोसते ती तीच.

दुसरें, सर्व देणीं एका कागदावर मांडावीं. लपविलेलें एक देणेंही 'गेलेलें भरून काढूं' या आशेनें त्यास पुन्हा खेळावयास लावितें. पगार, गल्ला व मोबाईलवरील बँकेचा व्यवहार त्याच्या संमतीनें एका विश्वासू माणसानें पाहावा.

तिसरें, कायदा. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमान्वयें पैजेचा करार रद्दबातल असून, जिंकलेल्या रकमेसाठीं दावा चालत नाहीं. बापाच्या द्यूतऋणांतून याज्ञवल्क्यस्मृतीनेंही पुत्रास मोकळें केलें आहे. बँकेचें वा सावकाराचें कर्ज मात्र निराळें. तें त्यानें स्वतःच्या कमाईंतून हप्त्यांनीं फेडावें.

२०२५ सालीं संसदेनें पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण कायदा अड्ड्याला कुलूप लावील. मनाची ओढ तोडण्यास घरचीं माणसेंच हवींत. पैसा आवरून धरा, माणूस मात्र सोडूं नका, एवढेंच आमचें सांगणें आहे.